खर्च कोणाच्या खात्यावर? तंत्रज्ञान उद्योगातल्या स्त्रिया आणि आपण



आज आपण तंत्रज्ञान उद्योगात काम करणाऱ्या स्त्रियांबद्दल बोलणार आहोत. काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, तुमचा या विषयाशी काय संबंध? संबंध दोन बाजूंनी आहे. माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. १९९२ साली सैन्याने वैद्यकीय आणि परिचर्या सेवांच्या बाहेर महिला अधिकारी घ्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत त्या आमच्या शाखेतही आल्या. त्यांच्यासाठी नियम कसे लिहिले गेले, कसे बदलले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला त्यात काय आढळलं, याकडे माझं बारीक लक्ष होतं. निवृत्तीनंतर सात वर्षं मी हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रशासन, वाहतूक आणि सुरक्षा सांभाळली. त्या खुर्चीवरून संगणक कमी आणि माणसं जास्त दिसतात. कोण रात्री किती वाजता निघतं, कोणाची गाडी चुकते, कोण अमक्याबरोबर एका कॅबमध्ये नको म्हणतं, हे प्रशासनाला आधी कळतं, मनुष्यबळ विभागाला नंतर.

या विषयावर आपल्याकडे वाद भरपूर होतात. एक जण म्हणतो, सगळे पुरुष असेच. दुसरा म्हणतो, बायकांचे फार लाड चालले आहेत, मुलांनी जायचं कुठे? आवाज चढतात आणि सोमवारी सकाळी ऑफिसात सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं. म्हणून आज मी हिशेबाच्या भाषेत बोलणार आहे. स्त्रीने नोकरी केली की काही जादा खर्च येतो. कधी तो पैशाचा असतो, कधी वेळेचा, कधी धोक्याचा. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या खात्यावर पडतो? माझा अनुभव असा, की हे खातं तपासलं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

सुरुवात कोणी केली

संगणक हे मूळचं पुरुषांचं क्षेत्र आणि बायका त्यात उशिरा आल्या, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९४६ साली अमेरिकेत एनियाक हे यंत्र जगासमोर आलं, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं होतं. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं लष्करासाठी सोडवणाऱ्या स्त्रियांमधून त्यांची निवड झाली होती. त्या काळी यंत्र बांधणं मोठं काम आणि त्याला सूचना देणं कारकुनी काम समजलं जाई. पुढे याच कारकुनी कामाला मान आणि पैसा आला, आणि मग ते पुरुषांचं काम ठरलं.

इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली एक कंपनी काढली. लग्नामुळे किंवा मुलांमुळे नोकरी सुटलेल्या, पण गणित पक्कं असलेल्या स्त्रिया त्यांनी गोळा केल्या. त्या घरून प्रोग्रॅम लिहीत. शर्लीबाईंनी स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नसत. मग त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि उत्तरं येऊ लागली. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच कंपनीने केलं.

आपल्याकडची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होत्या. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ त्यांनी वाचली आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्याला मुलाखत झाली आणि त्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून लागल्या. यातला एकच मुद्दा मला घ्यायचा आहे. ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात बायकांविषयी राग असेलच असं नाही. कारखान्यात त्यांची सोय नाही, तर घ्या कशाला, एवढाच विचार असू शकतो. भेदभाव व्हायला दर वेळी वाईट माणूस लागत नाही. जुनी सोय पुरते.

२०१७ चा वाद

आजच्या वादाची दोन टोकं एकाच वर्षी पुढे आली. २०१७ च्या फेब्रुवारीत सुझन फाउलर या इंजिनिअरने उबर कंपनीतला स्वतःचा अनुभव लिहून जाहीर केला. नव्या टीममधल्या पहिल्याच दिवशी मॅनेजरने चॅटवर नको ते लिहिलं, असं तिने सांगितलं. तिने ते मनुष्यबळ विभागाला दाखवलं, तर उत्तर आलं की हा त्याचा पहिलाच अपराध आहे आणि माणूस कामाचा आहे. पुढे तिला इतर स्त्रिया भेटल्या. त्यांच्याही तक्रारी त्याच माणसाबद्दल होत्या. नंतर चौकशी झाली, वीसहून अधिक जणांना काढलं गेलं आणि जूनमध्ये कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलमधल्या जेम्स डॅमोर या इंजिनिअरचं दहा पानी टिपण बाहेर आलं. त्याचं म्हणणं असं, की या क्षेत्रात स्त्रिया कमी असण्यामागे काही प्रमाणात स्त्री-पुरुषांमधले नैसर्गिक सरासरी फरकही असू शकतात आणि कंपनीचे स्त्रियांसाठीचे कार्यक्रम इतरांवर अन्याय करतात. गूगलने त्याला कामावरून काढलं. यावर जगभर दोन तट पडले. एका तटाला तो स्त्रीद्वेष्टा वाटला, दुसऱ्याला सत्य बोलल्याची शिक्षा झालेला माणूस.

मला यात सरळ फौजी उत्तर दिसतं. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते, हे खरं आहे. म्हणून भरतीच्या मैदानावर कोणी ‘पुरुष आहे, म्हणजे उंच असणार’ असं लिहून पुढे जात नाही. समोर उभा आहे त्याला पट्टी लावतात. सरासरीबद्दल शास्त्रज्ञांनी जरूर अभ्यास करावा. पण ज्या मुलीने परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि खुर्ची मिळवली, ती सरासरी नसते. तिच्या कामाला पट्टी लावा. गूगलसारख्या ठिकाणी सहकारीच एकमेकांच्या कामाबद्दल मत देतात. तिथे आपल्याला जोखणारा माणूस आधीच सरासरी मनात धरून बसला असेल, ही शंका घेऊन रोज कामाला जाणं हासुद्धा एक खर्च आहे, आणि तो फक्त तिच्या खात्यावर पडतो.

सैन्यातून आलेला धडा

आता माझ्या ओळखीच्या प्रदेशात येतो. महिला अधिकाऱ्यांना सुरुवातीला अल्प मुदतीचीच नेमणूक मिळे. पुरुष अधिकाऱ्याला पाच किंवा दहा वर्षांनंतर कायमस्वरूपी नेमणुकीचा रस्ता होता. स्त्रियांना तो फक्त कायदा आणि शिक्षण या शाखांत, तोही २००८ पासून मिळाला. बाकी शाखांतल्या महिलांचा लढा न्यायालयात चालू राहिला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्या दहा शाखांत स्त्रिया अल्प मुदतीवर घेतल्या जातात तिथे त्यांना कायमस्वरूपी नेमणुकीसाठीही पात्र धरावं. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांचं ते पीठ होतं. सरकारने मांडलेली कारणं मोठी वाचनीय होती: स्त्रियांची शरीररचना, घरच्या जबाबदाऱ्या, आणि खेड्यातून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानायला अजून तयार नाहीत हे म्हणणं. न्यायालयाने ही कारणं मानली नाहीत.

शेवटच्या कारणावर माझा स्वतःचा अनुभव सांगतो. जवान अधिकाऱ्याला दोन गोष्टींवर जोखतो. याला काम येतं का, आणि अडचणीच्या वेळी हा आपल्यासोबत उभा राहतो का. लाइन तुटलेली असताना रात्री तीन वाजता स्वतः येऊन उभ्या राहणाऱ्या कॅप्टनबाईंना आमच्या जवानांनी सलाम ठोकताना कधी हात आखडता घेतला नाही. अडचण वरच्या मेसमध्ये जास्त होती, खालच्या बॅरकमध्ये कमी.

पण खरा धडा पुढच्या वर्षीच्या निकालात आहे. २५ मार्च २०२१ चा लेफ्टनंट कर्नल नितीशा प्रकरणातला. २०२० नंतर सैन्याने महिला अधिकाऱ्यांची निवड सुरू केली आणि नियम पुरुषांचेच लावले. दिसायला पूर्ण समानता. वैद्यकीय कसोटी तीच, गोपनीय अहवालाची कसोटी तीच. तरीही पुष्कळ स्त्रिया बाहेर पडल्या. न्यायालयाने खोलात जाऊन पाहिलं तेव्हा असं दिसलं, की पुरुषाची वैद्यकीय तपासणी पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तिशीच्या आसपास झाली होती. पुढे त्याची तब्येत उतरली तरी नेमणूक जात नव्हती. स्त्रियांना मात्र तीच कसोटी चाळिशी-पन्नाशीत लावली जात होती, कारण त्यांचा हक्क इतकी वर्षं अडवून ठेवला होता.

गोपनीय अहवालाचंही तसंच. निवडीसाठी सुरुवातीच्या वर्षांचे अहवाल धरले आणि नंतरची कामगिरी सोडून दिली. ते अहवाल लिहिले गेले तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, की या बाईला पुढे बढतीचा रस्ताच नाही. मग चांगला शेरा ज्याला उपयोगी पडेल त्याला द्यावा, ही वृत्ती त्या काळी मेसमध्ये उघड ऐकू येई. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. म्हणजे नियमात स्त्री हा शब्दही नसतो, मनात द्वेषही नसतो, तरी नियमाचा भार एकाच बाजूवर पडतो.

हा निकाल प्रत्येक टीम लीडरने समजून घ्यावा असं मला वाटतं. नियम सारखा आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. तो कोणाचं आयुष्य समोर ठेवून लिहिला गेला, हेही विचारावं लागतं.

रात्रीची कॅब

आता हैदराबादला येऊ. हे प्रकरण मी स्वतः हाताळलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

२००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीचा कंपनीच्या कॅबचा चालक आणि त्याच्या साथीदाराने खून केला. त्याआधी २००५ मध्ये बेंगळुरूतही असंच घडलं होतं. त्यानंतर सगळ्या उद्योगात रात्रीच्या वाहतुकीचे नियम कडक झाले. पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी प्रवासी एकटी स्त्री नसावी. तशी वेळ आली तर गाडीत सुरक्षारक्षक असावा. चालकाची पोलीस पडताळणी असावी. ती घराच्या आत जाईपर्यंत गाडीने हलू नये. नियम योग्य आहेत. मी ते काटेकोर पाळून घेतले.

पण एक-दीड वर्षाने माझ्या लक्षात एक गोष्ट आली. रात्रीच्या सपोर्ट टीममध्ये मुली कमी होत चालल्या होत्या. रात्री ग्राहकाची यंत्रणा बंद पडली की जी टीम उठून ती चालू करते, ती ही टीम. काम कष्टाचं, पण ग्राहकाला ही माणसं नावाने ठाऊक होतात. परदेशी पाठवायचं झालं, बढती द्यायची झाली, की पहिली नावं इथून निघतात. मी मॅनेजरना विचारलं. उत्तर ठरलेलं: सर, त्यांच्या सुरक्षेसाठीच.

मी ट्रिप शीट काढून बसलो, तेव्हा खरं कारण सापडलं. गच्चीबावलीहून एल. बी. नगरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रात्री दोन वाजता मुलीला सोडायचं तर वेगळी गाडी आणि सोबत रक्षक. हा खर्च त्या मॅनेजरच्या प्रोजेक्टच्या खात्यावर पडत होता. मुलगा असला तर तो चौघांच्या गाडीत जाई. मॅनेजरच्या डोक्यावर नफ्याचं उद्दिष्ट. त्याने शांतपणे मुलींची नावं रात्रीच्या यादीतून काढली आणि वर सुरक्षेचं नाव दिलं. तो दुष्ट नव्हता. आमच्या हिशेबाच्या पद्धतीने त्याला हेच शिकवलं होतं.

उपाय एका पानाच्या टिपणात मावला. रात्रीच्या वाहतुकीचा आणि रक्षकांचा सगळा खर्च प्रोजेक्टवरून काढून कंपनीच्या सामायिक खात्यावर टाकायचा. वित्त विभागाने दोन बैठका कुरकुर केली आणि मान्य केलं, कारण एकूण खर्चात फारसा फरक पडत नव्हता. दुसरी गोष्ट अशी केली, की रात्रपाळी हवी की नको हे प्रत्येक मुलीला स्वतः विचारायचं. कोणी नको म्हणालं तर ठीक, पण तिच्या वतीने दुसऱ्याने नको म्हणायचं नाही. काही महिन्यांत यादीत नावं परत आली. त्यासाठी ना व्याख्यान लागलं, ना पोस्टर.

संरक्षण आणि अडवणूक यांच्यातली रेघ फार बारीक असते. ‘तुझ्या काळजीपोटी’ असं म्हणून जेव्हा एखादी संधी काढून घेतली जाते, तेव्हा आधी पैसे कोणाचे वाचले ते बघावं.

बाळंतपण आणि पहिली बढती

हाच हिशेब बाळंतपणाच्या रजेला लागू होतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. फार चांगलं झालं. पण राज्य कामगार विमा योजनेत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या रजेचा पगार पूर्णपणे मालकाने द्यायचा असतो. मोठ्या कंपनीला ते झेपतं. पंधरा माणसांच्या स्टार्टअपचा मालक मात्र लग्न झालेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीचा अर्ज हातात घेऊन मनात आकडेमोड करतो. तो बोलत काहीच नाही, फक्त अर्ज बाजूला ठेवतो. जगात अनेक देशांत हा पगार सामाजिक विम्यातून दिला जातो, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचंही म्हणणं असंच आहे, की एकट्या मालकावर हा भार नसावा. मुलं समाजाची असतील तर त्यांचा खर्चही समाजाच्या खात्यावर पडायला हवा. याची मागणी उद्योगांच्या संघटनांनी आणि आपण नागरिकांनीही लावून धरली पाहिजे.

घरचा हिशेबही बघू. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तासांहून जास्त. आता अमेरिकेच्या सोयीने रात्री साडेनऊला ठेवलेली मीटिंग डोळ्यासमोर आणा. नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण त्या वेळी कोणाच्या हातात पोळपाट असतो आणि कोणाच्या हातात रिमोट, हे तुम्हीच सांगा.

अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं, की एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक पडतो, तो बराचसा पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो. जी नोकरी कोणत्याही वेळी हजर राहणाऱ्याला अवाच्या सवा मोबदला देते, तिथे फरक जास्त. वरच्या जागांवर स्त्रिया का दिसत नाहीत, याचं उत्तरही वर सापडत नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत असं आढळलं, की १०० पुरुषांना मॅनेजरपदाची पहिली बढती मिळाली तेव्हा स्त्रियांना ७२ मिळाल्या. शिडीची पहिलीच पायरी मोडकी असेल, तर दहाव्या पायरीवर सत्कार करून काय उपयोग?

यंत्र आपल्याकडूनच शिकतं

आता काही जण म्हणतात, निवड यंत्रावर सोपवा, म्हणजे भेदभाव संपेल. ॲमेझॉनने तसा प्रयोग केला होता. २०१८ मध्ये त्याची बातमी आली. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दाखवून यंत्राला शिकवलं. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. यंत्र इतकं हुशार निघालं, की अर्जात ‘महिला’ असा शब्द दिसला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार, तरी गुण कमी करू लागलं. कंपनीने तो प्रयोग बंद केला. त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी दाखवलं, की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या यंत्रणांची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत १ टक्क्याच्याही आत होती आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४ टक्क्यांपर्यंत जात होती. यंत्र बनवणाऱ्या खोलीत कोण बसलं आहे, याने आपल्या सर्वांचं आयुष्य बदलतं. म्हणून हा फक्त नोकरीचा प्रश्न उरत नाही.

तक्रारी शून्य

आता सगळ्यात नाजूक भाग. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करत. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला. वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्या आपल्या मुलींना मिळालेलं हे संरक्षण एका खेड्यातल्या कष्टकरी बाईच्या लढ्यातून आलं आहे, हे विसरू नये.

कायदा थोडक्यात असा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. प्रत्येक शाखेत वेगळी. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागता येते. नावं गुप्त ठेवायची. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कायद्याने कामाचं ठिकाण आहे.

कंपन्यांच्या अहवालात अनेकदा लिहिलेलं असतं: या वर्षी तक्रारी शून्य. लोक टाळ्या वाजवतात. मी जुना माणूस, मला शून्य दिसलं की संशय येतो. तीनशे जवानांच्या तुकडीत महिनाभर एकही आजारी नाही असा रिपोर्ट आला, तर समजावं की आजारी पडायची परवानगी नाही. तक्रार केल्याने बढती जाते, बदली होते, कँटीनमध्ये लोक उठून जातात, हे ठाऊक असेल तर शून्यच येणार. तक्रार येणं आणि ती नीट निकालात निघणं, हे जिवंत ऑफिसचं लक्षण आहे. आणि ‘माणूस कामाचा आहे’ हे वाक्य कोणी उच्चारलं, की समजावं, खर्च पुन्हा तक्रार करणाऱ्या मुलीच्या खात्यावर ढकलला जातो आहे.

पुरुषांचे प्रश्न

या विषयावर बोललो की पुरुषमंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला: खोटी तक्रार झाली तर? कायद्यातच तरतूद आहे. मुद्दाम, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते. पण पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि आरोप झालेल्या माणसालाही नीट बाजू मांडायचा हक्क आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी एकाच निकालात केल्या. चौकशी घाईने उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून ती रद्द करून पुन्हा करायला सांगितलं. आणि त्याच वेळी देशभर समित्या नीट स्थापन होत नाहीत याबद्दल कडक निर्देश दिले. समिती प्रशिक्षित असेल तर दोघांनाही न्याय मिळतो. म्हणून ज्याला खोट्या तक्रारीची भीती वाटते, त्याने तर चांगल्या समितीचा आग्रह सर्वांत आधी धरावा. स्त्री सहकाऱ्यांशी बोलणंच बंद करणं, त्यांना शिकवणं टाळणं, हा उपाय नव्हे. त्याने शिक्षा भलत्यांनाच होते.

दुसरा: गुणवत्तेचं काय? आयआयटीचं उदाहरण घ्या. २०१७ पर्यंत तिथे मुलींचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली होतं. २०१८ पासून मुलींसाठी अधिकच्या जागा काढल्या आणि दोन-तीन वर्षांत प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेलं. मुलांची एकही जागा कमी केली नाही. परीक्षा तीच, अभ्यासक्रम तोच. मुलीला कोटाला किंवा हैदराबादला क्लाससाठी दोन वर्षं पाठवायला जे घर कचरतं, तेच घर मुलाला कर्ज काढून पाठवतं. तेव्हा शर्यत सुरू होण्याआधी कोण किती मागे उभं होतं, हेही गुणवत्तेच्या हिशेबात धरावं लागेल.

आपण काय करायचं

भाषण झालं, आता कामाचं बोलू.

तुम्ही टीम लीडर असाल तर गेल्या दोन वर्षांची यादी काढा. रात्रपाळी, परदेशवारी, ग्राहकाशी थेट काम, पहिली बढती, कोणाला मिळालं? मीटिंगची टिपणं कोण लिहितं, वाढदिवसाचा केक कोण आणतं? कागदावर लिहा. आकडे समोर आले की वाद घालावा लागत नाही. रजेवरून परतलेल्या मुलीचं मूल्यमापन ती हजर होती तेवढ्याच महिन्यांच्या कामावर करा. नव्या मुलीची ओळख करून देताना तिचं काम सांगा, तिचा उत्साह नको.

तुम्ही सहकारी असाल तर एवढंच करा: तिने मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याने स्वतःचा म्हणून सांगितला, तर ‘हे आत्ताच तिने सांगितलं’ असं म्हणा. घाणेरड्या विनोदावर हसू नका. हसणारा मिळाला नाही की विनोद आपोआप थांबतो.

मुलींनो, तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. समितीच्या सदस्यांची नावं आणि बाहेरच्या सदस्याचा संपर्क नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहून ठेवा. नावं दर्शनी भागात लावणं कंपनीला बंधनकारक आहे. आणि काही घडलं तर तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार, चॅट, सगळं त्याच दिवशी नोंदवा. आम्ही फौजेत याला लॉग म्हणतो. सहा महिन्यांनी आठवण डगमगते, लॉग डगमगत नाही.

आणि आईवडील, सासूसासरे, विशेषतः माझ्या वयाचे. परगावी राहणाऱ्या मुलीला ‘जमत नसेल तर सोड’ हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. मुलाला नोकरीत त्रास झाला तर आपण ‘टिकून राहा, दुसरी बघ’ म्हणतो. दोघांना एकच सल्ला द्या. सून रात्री साडेनऊला मीटिंगमध्ये असेल तर कुकर आपण लावावा. बायकोला विचारून घ्या, तीन शिट्ट्या पुरतात.

स्त्रियांना आधार द्या असं म्हटलं की आपल्याला उपकाराचा वास येतो, म्हणून तो शब्द मला फारसा आवडत नाही. मुली काम करायला तयार आहेत आणि करतही आहेत. आपल्याला फक्त वही उघडायची आहे, चुकीच्या खात्यावर टाकलेल्या रकमा शोधायच्या आहेत आणि त्या योग्य खात्यावर न्यायच्या आहेत. तुमच्या ऑफिसात, तुमच्या घरात अशी एक तरी नोंद या आठवड्यात सापडेल. ती दुरुस्त करा.

जय हिंद.